अर्ध्या नोटेची साक्ष
ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीची ब्रिस्टल-लंडनच्या भिंतींवरची चित्रं घरी नेता येत नाहीत. म्हणून संग्राहक त्याचे स्क्रीनप्रिंट, म्हणजे छापील प्रती, घेतात. त्याच्या ‘गर्ल विथ बलून’ या चित्राच्या २००४मध्ये सहीच्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रती निघाल्या. खाली पेन्सिलीने २५/१५० असं लिहिलेलं दिसलं, की ती दीडशेपैकी पंचविसावी प्रत. आकडा लहान म्हणून प्रत सरस, असं मात्र नाही.

खरी भानगड अस्सलपणाची. २००८पासून ‘पेस्ट कंट्रोल’ ही बँक्सीचीच संस्था प्रमाणपत्र देते. त्याला राजकन्या डायनाचा चेहरा छापलेल्या दहा पौंडांच्या खोट्या नोटेचा फाडलेला अर्धा भाग जोडतात. उरलेला अर्धा संस्थेकडे. खरेपणाला साक्षीदार खोटी नोट, हा खोडसाळपणा बँक्सीलाच सुचावा! हे प्रमाणपत्र नसेल, तर मोठी लिलावगृहं प्रत सहसा स्वीकारत नाहीत.