‘पाडस’ ही पोटाची गोष्ट आहे
मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ची ‘द यर्लिंग’, म्हणजे राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’, ही निव्वळ प्राणिप्रेमाची गोड गोष्ट नव्हे. पाडस घरात येतं तेच मुळी गरजेतून: सर्पदंश झालेला बाप विष शोषून घ्यायला हरिणी मारतो, तिचं यकृत जखमेवर दाबतो. फ्लोरिडाच्या रानातल्या या कुटुंबाचं वर्ष मक्यावर निघतं, आणि त्या हरिणीचं पाडस, फ्लॅग, कोवळे कोंब फस्त करतो. घरातला मुलगा ज्योडी राबून कुंपण उंच करतो, तेही फ्लॅग ओलांडतो. मुलांच्या पुस्तकात बंदूक कशाला, असं कुणी म्हणेल. पण उपाय फसल्यावर लेखिका खोटी पळवाट काढत नाही, म्हणजेच बालवाचकाला समजदार मानते. आईची गोळी पाडसाला नुसती जखमी करते, शेवट ज्योडीलाच करावा लागतो; वाचवत नाही, खरंय. तरी पाडसाला गोळी घालायला सांगणाऱ्या बापाला खलनायक ठरवू नका. पाडस आणायची परवानगी त्यानेच दिली होती.