वेश आणि आशय : जुन्या संकेतस्थळाची नवी मांडणी

मुंबईत एके काळी म्हशींचे गोठे गल्लोगल्ली होते. 1949 साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दूध वसाहत उभी राहू लागली, 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि शहरातील गोठे तेथे हलू लागले. या योजनेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. म्हशी ज्यांच्या त्यांच्याच राहिल्या. गोठे, पाणी, स्वच्छता आणि दुधावरील प्रक्रिया यांची व्यवस्था मात्र एका ठिकाणी आली. आज आम्ही ज्या विषयाचा परिचय करून देणार आहोत, त्याचे मर्म हेच आहे. विषय असा : जुन्या संकेतस्थळाची सजावट स्टाइलशीटवर कशी न्यावी.

समजा, आरे कॉलनीची माहिती देणारे चाळीस पानांचे एक संकेतस्थळ 2000 सालाच्या सुमारास काही हौशी मंडळींनी तयार केले. त्यात गोठ्यांचा इतिहास आहे, वारली पाड्यांची माहिती आहे, छोटा काश्मीर उद्यान आहे, बिबट्याविषयी सावधगिरीच्या सूचना आहेत. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक मथळ्याभोवती 'फॉन्ट' नावाची खूण घालून, अक्षर लाल, मोठे आणि ठळक असावे, असे तेथल्या तेथे लिहिले आहे. आता मथळे हिरवे करावयाचे ठरले, तर चाळीसही पाने उघडून शेकडो जागी हात लावला पाहिजे. एखादी जागा सुटणारच.

या अडचणीवर 1994 साली होकॉन व्हियुम ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत असताना एक उपाय सुचवला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि डिसेंबर 1996 मध्ये सीएसएस या नावाने तो उपाय प्रमाण ठरला. कल्पना साधी आहे. पानात फक्त 'हा मथळा', 'हा परिच्छेद' एवढेच सांगावे. मथळा कसा दिसावा, हे एका वेगळ्या फाइलीत एकदाच लिहावे. ती फाइल म्हणजे स्टाइलशीट. तिच्यातील एक शब्द बदलला की चाळीस पाने एकदम बदलतात. 1997 च्या अखेरीस एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने 'फॉन्ट' खूण टाळावी असे सांगितले, आणि 2014 साली पाचव्या आवृत्तीने तिला रजाच दिली.

मग जुन्या खुणा शोधून एका फटक्यात बदलून टाकाव्यात की काय? येथेच खरी गोम आहे. आपल्या उदाहरणात मथळे लाल आणि ठळक आहेत. पण 'अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये' ही सूचनाही तशीच लाल आणि ठळक आहे. दिसणे एक, अर्थ दोन. यंत्राला दिसणे कळते, अर्थ कळत नाही. म्हणून पहिले काम संगणकावर न करता कागदावर करावे. सर्व पाने वाचून प्रत्येक प्रकारच्या मजकुरापुढे 'हे कसे दिसते' हा प्रश्न न ठेवता 'हे काय आहे' हा प्रश्न ठेवावा. चाळीस पानांतून बहुधा आठ-दहाच प्रकार निघतील. त्यांना नावेही अर्थावरून द्यावीत. सूचनेच्या वर्गाला 'लाल' असे नाव दिले आणि उद्या ती केशरी केली, तर ते नाव खोटे पडते. 'सूचना' हे नाव कधीच खोटे पडत नाही.

नंतर स्टाइलशीट लिहावी, एका पानावर लावून पाहावी, जुन्या पानाशी ताडावी, आणि मगच पुढच्या पानाकडे वळावे. जुन्या खुणा मात्र पुऱ्या काढाव्यात. मथळ्याच्या आत 'फॉन्ट' खूण उरली, तर आतील अक्षरांना तिचाच रंग लागतो आणि बाहेरून मथळ्याला दिलेला नवा रंग तेथवर पोचत नाही. पुष्कळांना 'स्टाइलशीट चालत नाही' असे वाटते, त्याचे कारण अनेकदा असल्या विसरलेल्या खुणेत असते.

मराठी पानांबाबत मात्र एक मोठा अपवाद आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास मजकूरच हातचा जातो. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून जागा आहे. परंतु तिचा वापर रुळेपर्यंत बरीच वर्षे मराठी मजकूर शुषासारख्या फॉन्टांत लिहिला जाई. त्यांत संगणकाच्या स्मृतीत असतात रोमन लिपीची चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. अशा पानावरील 'फॉन्ट' खूण काढली की मराठी नाहीसे होऊन निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते. येथे ती खूण सजावट नव्हेच. कोणता तुकडा मराठी आणि कोणता खरोखरीच इंग्रजी, हे सांगणारी तीच एक साक्षीदार आहे. म्हणून क्रम चुकवू नये. आधी तिच्या साहाय्याने मराठी तुकडे युनिकोडमध्ये आणावेत, ते डोळ्यांनी तपासावेत, आणि मग खूण काढावी. तपासताना पहिली वेलांटी आणि रफार यांवर विशेष लक्ष असू द्यावे. जुन्या फॉन्टांत वेलांटी दिसते तशी अक्षराआधी लिहिली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराची जागाही अशीच बदलते.

स्टाइलशीट लिहितानाही देवनागरीची प्रकृती ओळखली पाहिजे. वर मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे अधिक ठेवावे. अक्षराअक्षरांत अंतर पाडू नये, शिरोरेषा तुटते. भर देण्यासाठी तिरप्या अक्षरांपेक्षा ठळक अक्षरे बरी, कारण अनेक देवनागरी फॉन्टांत खरे तिरपे वळण नसते आणि ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकवतो. पानाची भाषा मराठी आहे, ही नोंदही अवश्य करावी; ती पाहून काही फॉन्ट 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दाखवतात.

एवढा खटाटोप कोणासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. पाड्यावरचा मुलगा लहानशा मोबाइलवर पान उघडतो, त्याच्यासाठी. मोबाइलच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याचे काम स्टाइलशीट करते. अंध वाचकासाठी; त्याचे यंत्र खरा मथळा 'मथळा' म्हणून वाचून दाखवते आणि तो मथळ्यामागून मथळ्यावर जाऊ शकतो, पण नुसत्या लाल अक्षरांतून त्याला काहीच कळत नाही. आणि उद्याच्या वाचकासाठीही. गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल, आठवणी असे कितीतरी मराठी लेखन जुन्या फॉन्टांत अडकून पडले आहे. ते नष्ट झालेले नाही; पण मुखवटा हरवल्यामुळे ते कोणाला वाचता येत नाही. ज्यांच्यापाशी असे लेखन आहे, त्यांनी जुना फॉन्ट चालू आहे तोवरच या कामास हात घालावा.