ऑपरेशनच्या कागदावर सही करण्यापूर्वी

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात सकाळी ऑपरेशनांची यादी सुरू झाली की वॉर्डात एक हाक ऐकू येते, "पेशंटचे नातेवाईक कोण? इकडे सही करा." कागद दोन-तीन पानी, छपाई बारीक. मुलगा नाहीतर जावई पुढे होतो, दाखवलेल्या जागी सही करतो आणि ट्रॉली ओटीकडे निघते. पेशंट शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, पण त्याला कोणी काही विचारत नाही.

कायद्याला ही सही पुरत नाही. पेशंट सज्ञान आणि भानावर असेल तर संमती त्याचीच हवी. नातेवाईक साक्षीदार होऊ शकतो, त्याच्याऐवजी होकार देऊ शकत नाही. शिवाय सहीच्या आधी डॉक्टरांनी समजावून सांगायचं असतं: काय करणार, कशासाठी, फायदा काय, धोके कोणते, दुसरा काही उपाय आहे का आणि काहीच केलं नाही तर काय होईल. हे बोलणं झालं याची खूण म्हणजे सही. बोलणंच झालं नसेल, तर कागद कितीही नीट भरलेला असला तरी संमती कच्ची.

यातला मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात दिला. दिल्लीतली ही ४४ वर्षांची अविवाहित महिला १९९५ साली दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय, बीजांडकोश काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालय म्हणालं नाही. पण जिवावर बेतलेलं नव्हतं, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून आईची संमती न्यायालयाने धरली नाही. तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला चालत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झालं.

सोलापुरात आणखी एक गाठ आहे, भाषेची. पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगार घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडच्या इंडी, आळंदकडून आलेल्यांची कन्नड, शहरात दखनी. संमतीपत्र मात्र मराठीत, नाहीतर इंग्रजीत. मग दुभाष्याचं काम वॉर्डातल्या मावशी करतात, शेजारच्या खाटेवरचा माणूस करतो, नाहीतर घरातलंच कोणीतरी. यात दोन घोटाळे होतात. शेजारच्याला नको ती गोष्ट कळते. आणि घरातला माणूस 'म्हातारीला कशाला घाबरवायचं' म्हणून धोके गाळूनच सांगतो. कन्नड किंवा तेलुगू येणाऱ्या सिस्टर बहुतेक वॉर्डांत सापडतील. त्यांना बोलवावं आणि कोणी, कोणत्या भाषेत समजावलं ते कागदावर लिहावं. एवढ्याने बरंच सुधारेल.

या सगळ्यात अवघड जागी उभी असते ती सिस्टर. ऑपरेशन समजावणं डॉक्टरांचं काम. सिस्टर साक्षीदार म्हणून सही करते तेव्हा ती एवढंच सांगत असते की या माणसाने माझ्यासमोर, समजून, दबावाशिवाय सही केली. पण पेन हातात धरून पेशंट विचारतो, "नेमकं काय काढणार आहेत हो?" या प्रश्नाचा अर्थ संमती अजून झालेली नाही. तिथे थांबून डॉक्टरांना परत बोलावणं हे तिचं कर्तव्य. सांगायला सोपं आहे. ओटीतून दोनदा फोन येऊन गेलेला असतो आणि नव्या सिस्टरला सर्जनला 'परत या' म्हणायची हिंमत होत नाही. माझ्या मते यात दोष तिच्यापेक्षा ट्रॉली दारात आल्यावर सह्या गोळा करण्याच्या रिवाजाचा आहे. हेच काम आदल्या संध्याकाळी करता येतं.

रात्रपाळीत दुसरा पेच येतो. नातेवाइकांनी बजावलेलं असतं, कॅन्सर आहे हे पेशंटला सांगू नका. आणि दोन वाजता पेशंटच विचारतो, "सिस्टर, मला झालंय तरी काय?" खोटं बोलू नये आणि डॉक्टरांआधी निदानही सांगू नये. पेशंटला जाणून घ्यायचंय, ही नोंद करून सकाळच्या राउंडला ती डॉक्टरांसमोर ठेवावी. जाणून घेण्याचा पहिला हक्क आजारी माणसाचा आहे, मुलांचा नंतर.

'दुसरा काही उपाय आहे का' हा प्रश्न वगळला की काय होतं, ते बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ साली तिथल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' एवढंच कित्येकींना सांगितलं गेलं होतं. याच कोयत्याच्या टोळ्या दर हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवर उतरतात.

अपवादही आहेत. हैदराबाद रस्त्यावरच्या अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाजवळ कोणी नसेल, तर जीव वाचवणारे उपचार सहीशिवाय करता येतात. लहान मुलांसाठी पालकांची संमती लागते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला मात्र तिची एकटीची पुरते. 'नवऱ्याची सही आणा' असं कायदा म्हणत नाही.

तेव्हा कागद आदल्या दिवशीच मागा आणि आपल्या भाषेत वाचून घ्या. कोरा कागद किंवा रिकाम्या जागा सोडलेला फॉर्म सही करून देऊ नका. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.