हातात मोबाइल, समोर माणूस

फेब्रुवारी २०२५. दिल्लीत ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि मी गोडदेवला माझ्या ओट्यापाशी भाकऱ्या थापत उभी! मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. माझी एक मैत्रीण दिल्लीला गेली होती. तालकटोरा स्टेडियममधून ती दर दहा मिनिटांनी काहीतरी टाकत होती. कधी ग्रंथप्रदर्शनाचा फोटो, कधी परिसंवादातलं एखादं वाक्य, कधी नुसतंच ‘गर्दी बघ!’ पिठाच्या बोटानं मी स्क्रीन सरकवत होते. तव्यावरची एक भाकरी करपली, पण संमेलन काही चुकलं नाही.

मैत्रिणींनो, गंमत नाही ही. त्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर. जात्यावरच्या ओव्या, लोककथा, बायकांनी तोंडी जपलेलं सगळं धन, यांचा आयुष्यभर अभ्यास केलेली बाई. १९६१ साली कुसुमावती देशपांडे अध्यक्षा झाल्या, मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि आता ताराबाई. इतक्या वर्षांत अवघ्या सहा! आणि हा मान बघायला आपल्यासारख्या घरात अडकलेल्या बायका कुणाच्या तरी मोबाइलमधून हजर होत्या. पूर्वी संमेलनाची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायची. तीही घरातले सगळे वाचून झाले की दुपारी आपल्या हाती.

सभेत बसून तिथलं तिथे लिहायची ही रीत तशी जुनी नाही. २००६ साली ट्विटर निघालं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात संगीत, सिनेमा आणि संगणकवाल्यांचा मोठा मेळावा भरला. तिथे मोठमोठे पडदे लावून त्यावर आलेल्यांचे संदेश दाखवले गेले. कुठल्या दालनात काय चाललंय, ते सगळ्यांना दिसू लागलं आणि ट्विटरचं नाव झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना नावाच्या माणसानं सुचवलं, की एका विषयाचे संदेश एकत्र सापडावेत म्हणून शब्दाआधी ‘#’ ही खूण लावा. त्यानं उदाहरण दिलं तेसुद्धा एका संगणकवाल्यांच्या मेळाव्याचंच! आज आपण हळदीकुंकवाच्या फोटोलाही हॅशटॅग लावतो, त्याचं मूळ हे असं सभेत आहे. पुढे २०१६ मध्ये फेसबुकवर ‘लाइव्ह’ची सोय सगळ्यांना मिळाली, त्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झालं आणि सभागृहाच्या भिंती जणू पडल्याच.

भिंती पडल्या की कधी कधी फार चांगलं होतं. २०१९चं यवतमाळचं संमेलन आठवतंय? उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि नंतर ते निमंत्रण मागे घेतलं. पण त्यांचं लिहून तयार असलेलं भाषण मोबाइलवरून घरोघर पोचलं. मंडपात जितक्यांनी ऐकलं असतं, त्याहून कितीतरी जास्त लोकांनी ते वाचलं. आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. त्या बोलल्या, तेही लोकांनी तिथल्या तिथे टिपून पसरवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाटलं, अशी सोय हवीच.

म्हणूनच मीही हौसेनं टाकू लागले. बचत गटाचे मेळावे, आरोग्य शिबिरं, महिला दिनाची भाषणं. हातात मोबाइल असला की आपणही कुणीतरी आहोत असं वाटतं, खोटं कशाला बोलू?

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली.

आमच्याकडे भाईंदर पूर्वेलाच एका हॉलमध्ये बायकांचा मेळावा होता. पन्नास-साठ जणी असतील. एक धुणीभांडी करणारी बाई उभी राहिली. नवरा पिणारा. तिनं सांगितलं, की ती दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकते आणि पासबुक शेजारणीच्या घरी ठेवते. आयुष्यात पहिल्यांदा ती माइकवर बोलत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी काय केलं? तिचा फोटो काढला, खाली ते पासबुकाचं लिहिलं, ‘शाब्बास ताई!’ म्हटलं आणि बटण दाबलं. पुढचं भाषण मी ऐकलंच नाही, लाइक मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. ओठ सुजलेला. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही चांगल्यासाठीच टाकलंत. पण त्याच्या भावानं त्याला दाखवलं. आता पासबुक त्याच्याकडं हाय.’’

मी तिच्यासमोरच पोस्ट काढून टाकली. पण भावकीच्या ग्रुपवर फोटो केव्हाच फिरला होता. आम्ही दोघीतिघी तिच्याबरोबर बँकेत गेलो, खात्याची काळजी घेतली. पैसे वाचले. पण चार बायकांत मन मोकळं करायची जी जागा तिला मिळाली होती, ती मी घालवली. ती बोलली होती समोरच्या पन्नास जणींशी. गावाशी नव्हे.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की मोठमोठ्यांनाही हा प्रश्न पडलाय. लंडनमध्ये चॅटम हाउस ही राजकारणाचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिथे १९२७ सालापासून एक नियम आहे. त्या नियमाखालच्या बैठकीत ऐकलेलं बाहेर सांगायला हरकत नाही, पण कोण बोललं आणि तिथे कोण कोण होतं, ते सांगायचं नाही. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेनं २००९ मध्ये ठरवलं, की आमच्या परिषदेतलं कुणाचं भाषण इंटरनेटवर टाकायचं तर आधी त्या वक्त्याला विचारा. शास्त्रज्ञांना आपलं अपुरं संशोधन फुटायची भीती. आमच्या बाईला पासबुक फुटायची. विचारायला मात्र दोघांनाही हवं ना?

आता आमच्या बैठकीत साधा नियम आहे. सुरुवातीलाच सांगायचं, आज बाहेर काय जाणार आणि काय नाही. पाहुण्यांचं जाहीर भाषण खुशाल टाका. मात्र वाक्य पूर्ण टाका, अर्धं तोडून नको. अर्ध्या वाक्यानं माणूस भलताच दिसतो. घरातलं दुखणं सांगायची वेळ आली, की सगळ्यांचे मोबाइल फुलांच्या परडीत. पहिला माझा. कुणाचा फोटो टाकायचा असेल तर तिला दाखवून, तिच्या तोंडून ‘हो’ ऐकून. आणि गप्प राहिली तर? गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नकोच.

दिल्लीला गेलेल्या मैत्रिणीनं मला ओट्यापाशी संमेलन दाखवलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. पुढच्या वेळी कुणी जात असेल तर तिनं जरूर टाकावं, आम्ही इथे वाट बघत असतो. पण जे जाहीर आहे ते, आणि विचारून.

ती बाई आता पुन्हा येते बैठकीला. दाराजवळ बसते. परडी फिरली, की आपला साधा बटणांचा मोबाइलही त्यात टाकते. अजून ती बोललेली नाही. तिच्यासाठी शेवटची पाच मिनिटं आम्ही रोज मोकळी ठेवतो.