हक्काचा पैसा आणि वीस टक्क्यांचा करार

शेजारच्या काकूंकडे कुरियरनं एक जाडजूड पाकीट आलं. आत पत्र: तुमच्या दिवंगत पतीच्या नावे एका नामांकित कंपनीचे शेअर अडकले आहेत, ते आम्ही सोडवून देऊ, सोबतच्या करारावर सही करून पाठवा. कंपनीचं नाव गाळलेलं. मोबदला, हाती येईल त्याच्या वीस टक्के. "ह्यांनी मला कधी चकार शब्दानं सांगितलं नाही," काकू म्हणाल्या, "आणि या परक्या लोकांना बरं ठाऊक!"

दावे मिळवून देणाऱ्या सेवांचा धंदा काकूंच्या या आश्चर्यावरच चालतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

गैरसमज: या लोकांकडे आतली खबर असते.

वस्तुस्थिती: खबर उघड्यावर पडलेली असते. भागधारकानं न उचललेल्या लाभांशाची यादी नाव, शेवटचा पत्ता आणि रकमेसह आपल्या वेबसाइटवर टाकणं कंपनी कायदा २०१३ नुसार कंपनीला बंधनकारक आहे. सलग सात वर्षं लाभांश उचलला गेला नाही, तर लाभांशाबरोबर ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे 'आयईपीएफ'कडे जातात. त्या निधीच्या वेबसाइटवरही नावानं शोध घेता येतो. मध्यस्थ एवढंच करतो: यादी उघडतो, मोठे आकडे निवडतो आणि त्या पत्त्यावर पत्र धाडतो. काकूंच्या पत्रावर त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा चाळीतला पत्ता होता. तिथल्या ओळखीच्या पोस्टमननं कुरियरवाल्याला इकडे धाडलं, एवढंच.

गैरसमज: पैसा सरकारजमा झाला म्हणजे बुडाला.

वस्तुस्थिती: बँकेतलं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. ही योजना २०१४ पासूनची. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. हा पैसा मालकाला किंवा वारसाला केव्हाही मागता येतो. मागायचा मात्र आपल्या बँकेकडे. बँक आपल्याला देते आणि नंतर रिझर्व्ह बँकेकडून वसूल करते. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही.

शेअरचंही तसंच. आयईपीएफकडे गेलेले शेअर परत मागण्याला मुदत नाही, आणि मधल्या काळात बोनस मिळाला असेल किंवा शेअरचं विभाजन झालं असेल, तर तेही हक्कदाराचंच. अपवाद विम्याचा. दहा वर्षं न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तिथून पुढे २५ वर्षांत दावा आला नाही, तर ती कायमची सरकारची होते. घरात जुनी पॉलिसी सापडली तर आधी तिच्याकडे बघा.

गैरसमज: एका पोर्टलवर नाव टाकलं की सगळं दिसतं.

वस्तुस्थिती: रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल सुरू केलं. खातेदाराचं नाव आणि सोबत पॅन, जन्मतारीख, मतदार ओळखपत्र अशी एखादी खूण दिली, की सहभागी बँकांतल्या बेवारस ठेवी दिसतात. पण हे केवळ शोधण्याचं साधन आहे. दावा शाखेतच करायचा. शेअरसाठी आयईपीएफ, म्युच्युअल फंडांसाठी 'मित्र', विम्यासाठी विमा भरोसा पोर्टल, असे दरवाजे वेगवेगळे. आणि आपल्याकडे गावोगावी असलेल्या पतसंस्था? त्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. आजोबांची पतसंस्थेतली ठेव 'उद्गम'वर दिसणार नाही. तिथे जुनं पासबुक घेऊन स्वतःच जावं लागतं.

गैरसमज: कोर्टाचा दाखला आणल्याशिवाय काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती: करारातल्या टक्केवारीचं समर्थन बहुधा याच भीतीवर होतं, म्हणून इथे थोडं थांबू. पत्रात फक्त पतीचं नाव असलं, तरी काकूंच्या बाबतीत शेअर दोघांच्या नावे होते. जोडीतला एक गेला तर कंपनी मागे राहिलेल्यालाच मालक मानते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि हयात व्यक्तीची ओळखपत्रं लागतात, कोर्ट लागत नाही. पत्रात मात्र 'न्यायालयीन प्रक्रियेसह संपूर्ण सेवा' असं ठळक अक्षरात छापलं होतं.

बँकेत नॉमिनी असेल तर त्याला रक्कम मिळते. नॉमिनी नसला, तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीनं, हमीपत्र आणि इतर वारसांची संमती घेऊन निकाली काढायचे आहेत. सगळी कागदपत्रं हाती आल्यावर १५ दिवसांत. रक्कम मोठी असेल, वारसांत वाद असेल, तर मात्र कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

गैरसमज: नॉमिनी म्हणजे मालक.

वस्तुस्थिती: नॉमिनी हा पैसा स्वीकारणारा विश्वस्त. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. रक्कम धाकट्याच्या खात्यात आली म्हणून थोरल्याचा आणि बहिणीचा वाटा संपत नाही.

गैरसमज: दावे मिळवून देणारे सगळेच लुबाडतात.

वस्तुस्थिती: आयईपीएफचा दावा ज्या अर्जानं करतात, त्या 'आयईपीएफ-५'ला सरकारी शुल्क नाही. तरीही कामाला मोल आहे. सर्टिफिकेट हरवलंय, शेअर आजोबांच्या नावे आणि मधली पिढीही गेलेली, एक वारस पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत, अशा वेळी जाणकार कंपनी सेक्रेटरी किंवा वकील गाठणं शहाणपणाचंच. प्रश्न मोबदल्याचा आहे. आठ लाखांच्या शेअरवर वीस टक्के म्हणजे १,६०,००० रुपये. ते कशाबद्दल, हे आधी विचारा. शक्यतो कामाची ठरावीक रक्कम ठरवा. शेअर किती आणि आज त्यांची किंमत काय, हे सहीआधी स्वतः पाहा. कोऱ्या कागदावर सही, सर्वाधिकाराचं कुलमुखत्यारपत्र, डीमॅट खात्याची सही केलेली स्लिप आणि ओटीपी यातलं काहीही देऊ नका. 'फाइल सोडवण्यासाठी' आगाऊ पैसे मागणारा फोन आला, तर तो बंद करा.

काकूंचं पुढे काय झालं? ट्रंकेतून पिवळं पडलेलं सर्टिफिकेट निघालं, त्यावरून कंपनी कळली आणि यादीतलं नाव दहा मिनिटांत सापडलं. खरी अडचण वेगळीच निघाली. सर्टिफिकेटवर त्यांचं लग्नात ठेवलेलं नाव होतं, तर आधारवर शाळेच्या दाखल्यातलं माहेरचं. सासरी पहिलं नावसुद्धा बदलण्याच्या आपल्या रिवाजामुळे अशी कोडी घरोघरी असतात. 'ही दोन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र करून, लग्नाच्या नोंदीचा उतारा जोडून ते सुटतं. कंपनीच्या रजिस्ट्रारकडून हक्काचं पत्र मिळवायचं, काकूंच्या नावे डीमॅट खातं उघडायचं, मग आयईपीएफचा अर्ज. याला काही महिने लागतात.

प्रतिज्ञापत्रावर सही करताना काकू थबकल्या. "कुठल्या नावानं करू?" नोटरी म्हणाला, "आज ज्या नावानं करता, त्याच." त्यांनी माहेरच्या नावानं सही केली. कराराचं रंगीत पाकीट आता त्यांनी झेरॉक्स ठेवायला घेतलंय.