अक्षरे स्वस्त झाली, जाणकारी महागली

अकोला आणि अमरावती येथील न्यायालये व तहसील कार्यालयांच्या परिसरात एकेकाळी टंकयंत्रांचा खडखडाट दिवसभर चाले. अर्जनवीस मजकूर सांगे, टंकलेखक तो कार्बन कागदासह उतरवी आणि पानामागे दर ठरे. एक चूक झाली तरी पान पुन्हा टंकावे लागे. त्यामुळे वेगवान आणि निर्दोष हाताला मोल होते. 'गोदरेज'ने २००९ मध्ये टंकयंत्रांचे उत्पादन थांबविले, तोपर्यंत हा व्यवसाय बहुतांशी संगणकाकडे वळला होता.

संगणकाने प्रारंभी दुर्मिळता संपविली नाही, केवळ तिची जागा बदलली. मराठी अक्षरे तेव्हा विकत घ्यावी लागत. पुण्याच्या 'सी-डॅक'चे 'आयएसएम' किंवा 'मॉड्युलर'ची 'श्री-लिपी' घेतली की सोबत हार्डवेअर लॉक येई. तो जोडल्याशिवाय काम चालत नसे. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उमटे. म्हणूनच ज्याच्याकडे सॉफ्टवेअर आणि कळफलक जाणणारा हात, त्याच्या डीटीपी केंद्रात लग्नसराईत आणि निवडणुकीत रांग लागे.

युनिकोडने ही कोंडी फोडली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते आणि 'विंडोज २०००'सोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. पुढे 'मुक्ता'सारखे सुबक फॉन्ट विनामूल्य मिळू लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गुगल'ने मराठीत बोलून टंकण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यानंतर तर अख्खा अर्जच यंत्राकडून लिहून घेता येऊ लागला.

एखादी वस्तू मुबलक झाली की तिचा भाव उतरतो आणि तिच्या शेजारच्या, अजूनही दुर्मिळ असलेल्या गोष्टीचा भाव चढतो. कापूसपट्ट्याला हे नवे नाही. जिनिंगची यंत्रे आली आणि सरकी वेगळी करणाऱ्या हातांचे काम गेले. पण कापूस पाहून धाग्याची लांबी व प्रत सांगणाऱ्याची नजर मोलाचीच राहिली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडरने दिलेल्या प्रतीवर शेतकऱ्याच्या पदरी पडणारा भाव ठरत असे.

दस्तलेखनातील शेजारची गोष्ट म्हणजे तपासणी. शेताचे क्षेत्र 'एक हेक्टर दोन आर' असेल तर सातबाऱ्यावर ते १.०२ असे लिहिले जाते. बोलून टंकलेल्या खरेदीखतात ते १.२ झाले, तर वाचणारा १.२० समजतो. फरक १८ आरचा, म्हणजे जवळपास तितक्याच गुंठ्यांचा. नोंदणीनंतर ही चूक लक्षात आली तर दोन्ही पक्षांना चूक दुरुस्ती लेखासाठी पुन्हा दुय्यम निबंधकाकडे जावे लागते. एखादा पक्ष अडून बसला की प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या दारात. यंत्राचे वाक्य व्याकरणशुद्ध असते, पण शुद्ध वाक्यातील चूक अधिक सहज नजरेतून सुटते.

सॉफ्टवेअरचीही हीच गत. कृषी सेवा केंद्राच्या बिलिंगचा आराखडा एखादा विद्यार्थी आज यंत्राच्या मदतीने अल्पावधीत उभा करू शकतो. मात्र कीटकनाशकाचा बॅच क्रमांक, मुदत आणि साठा नोंदवही यांचा मेळ कसा बसावा, उधारी पेरणीपासून कापूस विकेपर्यंत कशी चालते, हे दुकानदाराला विचारूनच कळते.

परीक्षांची चौकट मात्र वेगावरच उभी आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांची अट असते आणि त्यासाठी टंकलेखन संस्थांतून तरुण बोटे घासतात. ही अट निव्वळ कालबाह्य म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण शेकडो दस्त टंकता टंकताच अनेकांना चतुःसीमा, फेरफार आणि हिस्से यांची समज आली. प्रारंभीचे ते काम यंत्राने केले तर उद्याचा तपासणारा कोठे शिकणार, याचे उत्तर अद्याप कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. आणि जेथे पानामागे दर घेण्याची जुनी रीत टिकून आहे, तेथे ०२ आणि २० यांतील फरक ओळखणाऱ्या नजरेसाठी बिलात वेगळी ओळही नाही.