आर्डॉक येथील रोमन लष्करी तळ : मातीच्या अवशेषांचे वाचन

रोमन सैन्याच्या अभ्यासात दगडी भिंतींइतकेच महत्त्व मातीच्या तटांना व खंदकांना आहे. स्कॉटलंडमधील ब्रॅको गावाजवळील आर्डॉक हा किल्ला याचे उत्तम उदाहरण होय. इ.स. ८० च्या दशकात येथे रोमनांचा तळ पडला. पुढे दुसऱ्या शतकात, सम्राट अँटोनायनस पायसच्या काळात, तो पुन्हा वसविण्यात आला. आतील बराकी लाकडी असल्याने नष्ट झाल्या. १८९६-९७ च्या उत्खननात त्यांच्या खांबांचे खळगे तेवढे आढळले.

आज तेथे गवताने आच्छादलेले उंचवटे दिसतात. एका बाजूस ओळीने पाच खंदक पाहून हा सर्व बंदोबस्त एकाच वेळी केला असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि नंतरचा किल्ला आकाराने लहान केल्यामुळे जुने खंदक बाहेर राहिले व ही संख्या वाढली, असे अभ्यासक मानतात. म्हणजेच एकसंध दिसणारी ही रचना वस्तुतः दोन कालखंडांची आहे.

शेजारच्या तात्पुरत्या छावण्यांचा बराच भाग नांगरटीने सपाट झाला आहे. हवाई छायाचित्रांतून त्यांचा आकार कळतो. तटाची उंची मात्र पुन्हा पाहता येत नाही. म्हणून अशा तटांचे जतन हे दस्तऐवजाचेच जतन ठरते.